मोटार अपघात, घटनास्थळ पंचनामा आणि पुराव्याचा इतिहास : लोहगडवाडी-मावळ परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

लोहगडवाडी हे मावळ तालुक्यातील लोहगडाच्या पायथ्याचे गाव होय. मळवली स्थानकाकडून भाजे गावावरून येणारा रस्ता चढ चढून लोहगड आणि विसापूर यांमधील गायमुख खिंडीत पोहोचतो व तेथून गावाकडे वळतो. बोरघाटातून कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या व्यापारी वाटेवर नजर ठेवणारा किल्ला म्हणून लोहगडाचे महत्त्व इतिहासात सर्वश्रुत आहे. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. जुलै २०२५ मध्ये ‘भारताचे मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला, त्यांत लोहगड आहे. पावसाळ्यात आणि सुट्ट्यांच्या दिवशी पर्यटकांच्या मोटारी या अरुंद चढावर मोठ्या संख्येने येतात.

अशा रस्त्यावर मोटारीचा अपघात झाला, तर त्याचा पुरावा कोण, कसा आणि कोणासाठी गोळा करतो, हा प्रश्न वरवर पोलिसी कामकाजाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे दीर्घ सामाजिक व वैधानिक इतिहास आहे. वाहन बाहेरचे असते, चालक बाहेरचा असतो, पुष्कळदा मृत किंवा जखमी व्यक्तीही बाहेरची असते. तथापि अपघाताच्या खुणा गावच्या हद्दीतच उमटतात आणि मावळातील पावसात त्या काही तासांत पुसल्या जातात. त्यानंतर अनेक वर्षे चालणाऱ्या न्यायप्रक्रियेत त्या खुणांचे अस्तित्व उरते ते केवळ कागदावर.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. घटनास्थळ पंचनाम्याची महाराष्ट्रातील ऐतिहासिक पार्श्वभूमी पाहणे.
२. मोटार अपघातविषयक कायद्यात पुराव्याच्या गरजेबाबत झालेल्या बदलांचा मागोवा घेणे.
३. मावळसारख्या डोंगराळ व पर्जन्यबहुल भागात पुरावा नोंदविण्याच्या विशेष अडचणी स्पष्ट करणे.

अपघातातील पुरावा गोळा करण्याची व्यवस्था जेथे दुबळी ठरली, तेथे भारतीय कायद्याने ती व्यवस्था सुधारण्याऐवजी दीर्घकाळ पुराव्याची गरजच कमी करत नेली, हे प्रस्तुत विवेचनाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

महजर ते पंचनामा

घटना जेथे घडली तेथे जाऊन, स्थानिक जाणत्या माणसांच्या समक्ष वस्तुस्थिती लिहून ठेवण्याची पद्धत मराठी मुलुखाला नवी नाही. मराठा काळातील महजर हा याच स्वरूपाचा दस्तऐवज होता. वतनाचे किंवा शिवेचे तंटे गोतसभेपुढे येत. सभेत हजर असलेल्या देशमुख, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आदींची नावे नोंदवून निर्णय लिहिला जाई. त्या कागदाचे बळ लिहिणाऱ्याच्या अधिकारात जितके असे, तितकेच उपस्थितांच्या साक्षीतही असे.

ब्रिटिश काळात या परंपरेला नवे वैधानिक रूप मिळाले. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलावर गावातील अकस्मात किंवा अनैसर्गिक मृत्यूच्या चौकशीची जबाबदारी टाकली. गावातील दोन किंवा अधिक समजदार व्यक्तींना एकत्र करून मृत्यूच्या कारणाचा शोध घेणे, हे त्याचे कर्तव्य ठरले. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटलाचे पद नव्या स्वरूपात चालू राहिले. दुसरीकडे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने न्यायालयात काय सिद्ध धरावे याचे नियम घालून दिले आणि फौजदारी प्रक्रिया संहितेने तपासाची पद्धत ठरविली.

‘घटनास्थळ पंचनामा’ या संज्ञेची व्याख्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कोठेही केलेली नव्हती, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. झडतीच्या वेळी परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती हजर असाव्यात, अशी तरतूद संहितेत होती. अपघाताच्या जागेचा पंचनामा मात्र मुख्यतः प्रथेने रूढ झाला. म्हणूनच त्याची गुणवत्ता लिहिणाऱ्या अंमलदाराच्या नजरेवर, सवडीवर आणि प्रशिक्षणावर अवलंबून राहिली. महजराची परंपरा शब्दांत टिकली. महजरातील गोतसभा मात्र वादातील माणसांना व जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असे. अपघाताच्या पंचाला त्या परक्या मोटारीविषयी काहीच ठाऊक नसते. तो केवळ जे दिसले त्याचा साक्षीदार असतो.

मोटारीचे आगमन आणि कायद्याची चौकट

मोटारीने पुराव्याच्या शास्त्रापुढे वेगाचा नवा प्रश्न उभा केला. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल या महिलेचा मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला. ब्रिटनमध्ये मोटारीमुळे झालेला पादचाऱ्याचा हा पहिला मृत्यू मानला जातो. मोटार ताशी सुमारे ४ मैल वेगाने जात होती, असे चालकाने सांगितले. प्रत्यक्षदर्शींच्या मते वेग त्याहून पुष्कळ अधिक होता. परस्परविरोधी साक्षी ऐकून ज्युरीने अपघाती मृत्यूचा निर्णय दिला. वाहन थांबल्यानंतर त्याचा वेग कोणालाच दाखविता येत नाही. तो एक तर आठवणीतून सांगावा लागतो किंवा खुणांवरून काढावा लागतो. पुढील शतकभरातील अपघात तपासाची अडचण या पहिल्याच चौकशीत स्पष्ट झाली होती.

भारतात मोटार अवतरण्यापूर्वीच निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचा गुन्हा अस्तित्वात होता. १८६० च्या दंड संहितेत १८७० मध्ये कलम ३०४-अ समाविष्ट झाले. नुकसानभरपाईसाठी १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा होता. तथापि त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागे, न्यायालय शुल्क भरावे लागे आणि दीर्घकाळ वाट पाहावी लागे. १९१४ मध्ये अखिल भारतीय मोटार वाहन कायदा झाला. त्याची जागा १९३९ च्या विस्तृत कायद्याने घेतली. अपघातानंतर चालकाची कर्तव्ये, वाहनाची अधिकाऱ्याकडून तपासणी आणि त्रयस्थ व्यक्तीसाठी विमा यांविषयीच्या तरतुदी या कायद्यात होत्या. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली.

येथून एकाच अपघाताचे दोन प्रवास सुरू झाले. एक प्रवास दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयाकडे जातो. तेथे चालकाचा अपराध वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दुसरा न्यायाधिकरणाकडे जातो. तेथे संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहावयाचे असते. तथापि दोन्ही प्रवासांची शिदोरी एकच : प्रथम खबर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मोटार वाहन निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल. हे कागद तयार होतात ते चालकाला शिक्षा व्हावी या हेतूने. त्यांची सर्वाधिक गरज असते ती मात्र घरातील कर्ती व्यक्ती गमावलेल्या कुटुंबाला. त्या कुटुंबाचा प्रतिनिधी पंचनाम्याच्या वेळी बहुधा घटनास्थळी नसतो. तो रुग्णालयात असतो, किंवा अद्याप त्याला वार्ताच पोहोचलेली नसते.

१९७७ चे दोन निवाडे

पुराव्याच्या इतिहासात १९७७ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांच्या अंतराने दिलेले दोन निवाडे या विषयाच्या दोन बाजू दाखवितात.

जानेवारीत मुंबईतील एका अपघातासंबंधीचा मिनू मेहता खटला निकाली निघाला. भरपाईसाठी चालकाची निष्काळजी सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, अशा आशयाचे मत मुंबई उच्च न्यायालयाने व्यक्त केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. निष्काळजी सिद्ध झाल्याखेरीज भरपाईचे दायित्व येत नाही, असा दंडक कायम झाला. याचा व्यावहारिक अर्थ असा की, पंचनामा तोकडा असेल आणि साक्षीदार मिळाला नाही, तर मृताच्या कुटुंबाला रिक्त हस्ताने परतावे लागण्याची शक्यता होती.

मार्चमध्ये रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागला. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली कंपनीची मोटार वाटेत झाडावर आदळली होती आणि तीतून प्रवास करणारी व्यक्ती मरण पावली होती. अपघात कसा घडला हे सांगणारा प्रत्यक्षदर्शी उपलब्ध नव्हता. मृताच्या भावाने नंतर घटनास्थळी पाहिलेल्या खुणा तेवढ्या न्यायालयापुढे होत्या. मोटार रस्त्याच्या उजव्या, म्हणजे चुकीच्या, कडेला गेली होती. झाड जमिनीपासून सुमारे ९ इंचांवर उखडले होते. मोटारीचे इंजिन मूळ जागेपासून सुमारे १ फूट मागे सरकले होते. ‘घटना स्वतःच बोलते’ या तत्त्वाचा आधार घेऊन न्यायालयाने निष्काळजी सिद्ध मानली. रस्ता सोडून झाडावर इतक्या जोराने आदळणे सामान्य काळजीने वाहन चालविणाऱ्याकडून घडत नाही, तेव्हा खुलासा करण्याची जबाबदारी प्रतिपक्षावर येते, अशी ही विचारसरणी होती.

हे दोन्ही निवाडे एकत्र वाचले असता एक गोष्ट स्पष्ट होते. कायद्याने पुरावा मागितला, आणि माणूस बोलू शकत नसेल तेथे झाड, इंजिन व रस्त्याची कड यांनाही बोलण्याची मुभा दिली. परंतु त्यासाठी ९ इंच आणि १ फूट कोणीतरी पाहून लक्षात ठेवणे आवश्यक होते. वरील प्रकरणात हे निरीक्षण मृताच्या भावाच्या साक्षीतून न्यायालयापुढे आले. ज्यांना असा भाऊ नाही, त्यांच्यासाठी पंचनाम्याखेरीज दुसरा आधार नसतो.

पुराव्याचे ओझे हलके करण्याचा मार्ग

१९७७ नंतर संसदेपुढे दोन मार्ग होते. घटनास्थळावरील तपास सुधारणे हा एक, आणि काही मर्यादेपर्यंत पुराव्याची अटच शिथिल करणे हा दुसरा. पुढील तीन दशकांत मुख्यतः दुसरा मार्ग स्वीकारला गेला.

१९८२ च्या दुरुस्तीने दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० रुपये व कायम अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याची तरतूद झाली. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात वाहनाच्या प्रकरणी मृत्यूसाठी ५,००० रुपये व गंभीर दुखापतीसाठी १,००० रुपये ठरविण्यात आले. १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्यात या रकमा वाढल्या. १९९४ मध्ये कलम १६३-अ अन्वये वय आणि उत्पन्न यांवर आधारलेल्या कोष्टकानुसार, निष्काळजी सिद्ध न करता भरपाई मागण्याचा मार्ग खुला झाला. न्यायालयांनीही याच दिशेने पावले टाकली. २००९ मध्ये बिमला देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणापुढे काटेकोर पुराव्याचा आग्रह धरता येणार नाही आणि संभाव्यतेची कसोटी पुरेशी आहे, हे पुन्हा स्पष्ट केले.

या सुधारणा मानवतावादी होत्या याविषयी दुमत नाही. गरीब कुटुंबाला पोलिसांच्या कागदातील उणिवांची शिक्षा भोगावी लागू नये, हा त्यांमागील विचार न्याय्य होता. तथापि त्यांचा एक अनपेक्षित परिणाम संभवतो. कमी पुराव्यावर भागू लागले की चांगला पुरावा गोळा करण्याची निकड मंदावते. दोषनिरपेक्ष भरपाईची रक्कम मर्यादित असे. संपूर्ण भरपाई मागणाऱ्याला अखेर निष्काळजी दाखवावीच लागे आणि त्यासाठी तोच जुना पंचनामा उघडावा लागे.

१९९४ च्या दुरुस्तीतील आणखी एक तरतूद लोहगडवाडीसारख्या पर्यटनस्थळाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. अपघाताच्या जागीच दावा दाखल करण्याचे बंधन तीमुळे राहिले नाही. दावेदार स्वतः राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही त्याला दावा करता येऊ लागला. मुंबई, सोलापूर किंवा नाशिक येथील कुटुंबाला यामुळे मोठा दिलासा मिळाला. परंतु दावा शेकडो किलोमीटर दूर गेला तरी पंच गावातच राहिले आणि घाटातील वळणही तेथेच राहिले. त्या न्यायाधीशाने गायमुख खिंडीचा चढ पाहिलेला असण्याची शक्यता कमी असते. त्याच्यापुढे ते वळण येते ते पंचनामा आणि कच्चा नकाशा यांतूनच. त्यामुळे दावा घटनास्थळापासून जितका दूर, तितका पंचनाम्याचा तपशील महत्त्वाचा, असे समीकरण निर्माण झाले.

घाटरस्त्यावरील खुणांचे वाचन

चांगल्या घटनास्थळ पंचनाम्यात वाहनाची थांबलेली जागा, तिचे कि.मी. दगड, मोरी किंवा मोठे झाड अशा स्थिर खुणेपासूनचे अंतर, डांबरी रस्त्याची रुंदी, साईडपट्टीची अवस्था, ब्रेकच्या खुणांची लांबी व दिशा, काचांचे तुकडे, सांडलेले ऑइल, रक्ताचे डाग, प्रकाश आणि हवामान यांची नोंद अपेक्षित असते. या नोंदींतील प्रत्येक बाबीला न्यायनिर्णयात स्वतंत्र अर्थ असतो.

ब्रेकच्या खुणेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. चाके पूर्ण आवळली जाऊन वाहन घसरत थांबले, तर खुणेच्या लांबीवरून वेगाचा अंदाज करता येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर व रस्ता यांमधील घर्षणगुणांक साधारणपणे ०.७ धरला, तर २० मीटर लांबीच्या खुणेवरून ताशी सुमारे ६० कि.मी. वेग निघतो. रस्ता ओला असून गुणांक ०.४ धरला, तर त्याच खुणेवरून ताशी सुमारे ४५ कि.मी. वेग येतो. त्यात दहास एक असा उतार असेल, तर वेग ताशी सुमारे ३९ कि.मी. इतकाच ठरतो. म्हणजेच ‘२० मीटर ब्रेकची खूण’ एवढ्या एकाच वाक्यातून ६० आणि ३९ हे दोन्ही आकडे निघू शकतात. रस्ता ओला होता की कोरडा, सपाट होता की उताराचा, हे पंचनाम्यात लिहिले नसेल, तर त्या खुणेवरून काढलेला निष्कर्ष निराधार ठरतो. चालकावर अन्याय होतो किंवा मृतावर. दोन्हींचे कारण एकच असते, न लिहिलेले एक वाक्य.

मावळातील परिस्थिती या संदर्भात सपाट प्रदेशाहून वेगळी आहे. लोणावळा परिसरात वर्षाकाठी ४,००० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. ओल्या रस्त्यावर टायरची खूण मुळातच पुसट उमटते आणि पुढची सर तिला धुऊन नेते. धुक्यामुळे दृष्टिपथ आखूड होतो. परंतु अपघातानंतर तासाभराने धुके विरले, तर पंचांना स्वच्छ हवा दिसते आणि तशीच नोंद होण्याचा धोका असतो. अरुंद रस्त्यावर वाहतूक खोळंबते, तेव्हा मार्ग मोकळा करण्यासाठी वाहने बाजूला घेण्याची घाई होते. जखमींना बाहेर काढण्यासाठी वाहन हलविणे अपरिहार्यच असते. आधुनिक मोटारींतील चाके न आवळणाऱ्या ब्रेक-यंत्रणेमुळे पूर्वीसारखी ठळक काळी रेघही उमटत नाही. अशा वेळी वाहन हलविण्यापूर्वी चाकांच्या जागा खडूने आखणे आणि तीन-चार दिशांनी छायाचित्रे घेणे ही साधी दक्षता पुढील अनेक वर्षांचा वाद मिटवू शकते.

पंचांच्या स्थितीचाही येथे विचार व्हावयास हवा. गावातील शेतकरी, दुकानदार किंवा वाटाड्या पंच म्हणून सही करतो. काही वर्षांनी त्याला वडगाव मावळच्या न्यायालयात साक्षीसाठी बोलावणे येते. तोवर त्याच जागी झालेल्या इतर अपघातांच्या आठवणी मिसळलेल्या असतात. उलटतपासणीत तो अडखळला की पंच फितूर झाला असे म्हटले जाते. पुष्कळदा त्यात फितुरीपेक्षा विस्मरणच अधिक असते. पंचाच्या स्मृतीवर जितका भार कमी आणि मोजमापावर जितका अधिक, तितका पंचनामा टिकाऊ ठरतो.

रक्त, चित्रफीत आणि वाहनातील नोंदी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुराव्याचे स्वरूप बदलले. महाराष्ट्रात रक्ततपासणीला दारूबंदी कायद्यातील तरतुदींचा आधार मिळाला. वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणीविषयीचे नियम १९५९ मध्ये तयार झाले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ. ही मद्यार्काची मर्यादा घातली. रक्ताचा पुरावा वेळेशी बांधलेला असतो. शरीरातील मद्यार्क तासागणिक घटत असल्याने उशीर म्हणजे पुराव्याचा ऱ्हास होय.

नमुना वेळेत घेणे पुरेसे नसते. तो घेतल्यापासून प्रयोगशाळेत उघडेपर्यंतची साखळी अखंड असावी लागते. २८ सप्टेंबर २००२ रोजी वांद्रे येथे घडलेल्या अपघाताच्या प्रकरणी अभिनेता सलमान खान यांना सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये दोषी ठरविले. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. रक्ताच्या नमुन्याच्या प्रवासातील विसंगती, वाहन कोण चालवीत होते याविषयीचा संशय आणि टायर अपघातापूर्वी फुटला की नंतर, हे मुद्दे त्या निर्णयात महत्त्वाचे ठरले. खटल्याच्या निकालाविषयी कोणाचेही मत काहीही असो, पहिल्या काही तासांत जे निःसंदिग्ध नोंदविता येते ते १३ वर्षांनी युक्तिवादाने भरून काढता येत नाही, हा बोध त्यातून मिळतो. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मरण पावले. त्या प्रकरणी अल्पवयीन चालकाचा रक्तनमुना रुग्णालयात बदलण्यात आल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए पडताळणी केल्यामुळे हा प्रकार उघडकीस आल्याचे पोलिसांनी सांगितले. एका पुराव्याची सत्यता तपासण्यासाठी दुसरा पुरावा हाताशी असणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

चित्रफितींबाबत महाराष्ट्रातीलच एका निवडणूक खटल्याने दिशा दिली. जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने विहित प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे ठरविले. टोलनाक्यावरील, पेट्रोल पंपावरील किंवा हॉटेलच्या दारावरील कॅमेऱ्यातील दृश्य न्यायालयात टिकावयाचे असेल, तर ते वेळेत मिळविणे आणि विधिवत प्रमाणित करणे अगत्याचे झाले. अनेक यंत्रांत जुन्या दृश्यांवर ठरावीक दिवसांनी नवी दृश्ये उमटतात. पावसाने धुतलेल्या खुणेप्रमाणे हा पुरावाही आपोआप नाहीसा होतो.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. वाहन उत्पादकाने मोटारीतील नोंदींवरून दिलेल्या प्राथमिक माहितीनुसार आघातापूर्वी ५ सेकंद ब्रेक लावला गेला, त्या वेळी वेग ताशी १०० कि.मी. होता आणि आघाताच्या क्षणी तो ८९ कि.मी. होता. क्रिस्टल पॅलेसच्या चौकशीत साक्षीदारांच्या आठवणीवर सोपविलेला प्रश्न येथे वाहनानेच सोडविला. परंतु अशी यंत्रणा महागड्या मोटारीत असते. तिची धडक बसणाऱ्या पादचाऱ्याकडे किंवा दुचाकीस्वाराकडे स्वतःची बाजू सांगणारे असे कोणतेही यंत्र नसते.

पुराव्याकडे परतताना

अलीकडील दोन दशकांत कायद्याचा रोख पुन्हा पुरावा संकलनाकडे वळलेला दिसतो. ऑक्टोबर २०१२ पासून वर्षभर जेपी रिसर्च इंडिया या संस्थेने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील दोनशेहून अधिक अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. दोषी कोण यापेक्षा मृत्यू का ओढवला, हा या अभ्यासाचा प्रश्न होता. त्यामुळे चालकाबरोबरच रस्त्याची कड, कठडे आणि वाहनाची रचना हीसुद्धा पुराव्याच्या कक्षेत आली. २०२१ मध्ये अपघातांच्या एकात्मिक माहितीसंचाचे काम ज्या सहा राज्यांत प्रथम सुरू झाले, त्यांत महाराष्ट्र होता. २०१९ च्या दुरुस्तीने मदतीला धावून येणाऱ्या नागरिकाला वैधानिक संरक्षण दिले. जखमीला रुग्णालयात नेणारी व्यक्ती हीच पुष्कळदा पहिली साक्षीदार असते, म्हणून पुराव्याच्या दृष्टीनेही ही तरतूद मोलाची आहे.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, तर सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणास द्यावयाचा आहे. पीडितांना त्यांच्या हक्कांची माहिती १० दिवसांत देणेही बंधनकारक झाले. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीसाठी पोलिसांचे विशेष पथक नेमण्याचे निर्देश दिले. पुरावा हा पीडिताचाही हक्क आहे, ही भूमिका येथे प्रथमच इतक्या ठळकपणे कायद्यात उतरली.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण आवश्यक केले. ७ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे नागरिक सुरक्षा संहितेत म्हटले आहे. परंतु निष्काळजीने मृत्यू घडविल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम १०६ (१) अन्वये कमाल शिक्षा ५ वर्षांची आहे. साहजिकच सामान्य प्राणघातक अपघात या तरतुदीच्या कक्षेबाहेर राहतो. धडक देऊन पळून जाणाऱ्यासाठी १० वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे कलम १०६ (२) लागू झाले असते, तर अशा प्रकरणांत तज्ज्ञाची भेट आवश्यक ठरली असती. वाहनचालकांच्या जानेवारी २०२४ मधील आंदोलनानंतर हे उपकलम वगळूनच संहिता अमलात आणली गेली. परिणामी ज्या गुन्ह्यात भौतिक खुणांचे महत्त्व सर्वाधिक, तेथेच तज्ज्ञाची उपस्थिती कायद्याने अनिवार्य नाही, अशी विसंगती निर्माण झाली आहे.

निष्कर्ष

१. घटनास्थळ पंचनाम्याचा आत्मा महजराच्या परंपरेशी जुळणारा असला, तरी मोटार अपघातात पंचाच्या ओळखीपेक्षा मोजमापाच्या नेमकेपणाला अधिक मूल्य आहे.

२. १९८२ ते २००९ या काळातील सुधारणांनी पीडितांवरील पुराव्याचे ओझे हलके केले. पुरावा गोळा करण्याच्या व्यवस्थेकडे मात्र तितके लक्ष पुरविले गेले नाही. २०२२ च्या नियमांनी हा तोल सावरण्याचा प्रयत्न केला आहे.

३. पर्जन्यबहुल डोंगराळ भागासाठी पंचनाम्याच्या नमुन्यात रस्त्याचा ओलसरपणा, उतार, अपघातसमयीचा दृष्टिपथ आणि वाहन हलविल्याची वेळ या चार बाबींचे स्वतंत्र रकाने असणे इष्ट ठरेल.

४. प्राणघातक अपघातात, शिक्षेची मर्यादा काहीही असली तरी, प्रशिक्षित तज्ज्ञाकडून घटनास्थळाची पाहणी व्हावी, यासाठी राज्य शासनाने स्वतंत्र तरतूद करणे आवश्यक आहे. तज्ज्ञ पोहोचेपर्यंत पोलीस पाटील व स्थानिक तरुणांना खुणा जतन करण्याचे मूलभूत प्रशिक्षण देता येईल.

लोहगडाच्या तटावरून एकेकाळी घाटवाटेवरील हालचाल टिपली जाई. आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी एखाद्या वळणावर उमटलेली खूण टिपण्याची जबाबदारी दोन पंच आणि एक अंमलदार यांच्यावर आहे. ती खूण पुढच्या सरीपर्यंतच टिकते. दूरच्या गावी भरपाईसाठी झगडणाऱ्या कुटुंबाला न्याय मिळेल की नाही, हे पुष्कळदा त्या अवधीत काय लिहिले गेले यावर ठरते.